उलट्या अक्षरांची शाळा

क्रुसावर कोरायची अक्षरं लॅटिनच का? आमच्या संस्कृतात काय कमी आहे?

1880च्या दशकात इंग्लंडमधल्या धर्मभगिनींना असं विचारणारी बाई होती पंडिता रमाबाई. 29 सप्टेंबर 1883ला त्यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला होता. श्रद्धा पक्की, पण म्हणून डोकं गहाण नाही! चेल्टनमच्या महिला कॉलेजात त्या गणित-विज्ञान शिकत, तिथेच संस्कृत शिकवत आणि त्रैक्याच्या सिद्धान्तावर कडाडून वाद घालत. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं पत्रातून कळवून मोकळ्या. दीक्षा घेण्याआधी भांडणारे शिष्य खूप असतात. घेतल्यावर भांडणारी ही एक.

आता गंमत बघा. तोच लॅटिनचा प्रश्न फिरत फिरत पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर एका छापखान्यात पोचतो.

1897 साल. आमच्या चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी पुण्यात इंग्रज अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, तेच. त्या सुमारास रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली-बायकांना घेऊन येत होत्या. त्यांच्यासाठी केडगावात मुक्ति मिशन उभं राहिलं. अशा उपाशी मुलीला आधी काय शिकवाल, बाराखडी की प्रार्थना? रमाबाई अमेरिकेत फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकून आल्या होत्या. मूल हाताने शिकतं, हे तिचं मर्म. आयटीआयत फाइल घासून घासून फिटर झालेल्या चिंचवडकराला हे वेगळं सांगायला नको. केडगावात वर्गाच्या जोडीला माग होते, शेती होती आणि छापखाना होता.

त्या छापखान्यात खिळे जुळवायला कोण? याच मुली.

शिशाचा खिळा कधी हातात घेतलाय? त्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. इंग्रजीचा जुळारी 26 अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांवर बरंचसं भागवतो. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा, रफार! खिळे ठेवायच्या खणांची संख्या शेकड्यांत जाते. ‘ख्रिस्त’ एवढा एक शब्द जुळवायचा तर हात किती खणांत जाईल, बघा मोजून. आणि पान छापून झालं की प्रत्येक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात. एक चुकला, तर पुढच्या पानावर ‘माया’ची ‘काया’ व्हायची. काही वर्षांपूर्वी जिला अक्षर ओळखू येत नव्हतं, ती आता अक्षर उलटं वाचत होती!

आणि त्या छापत काय होत्या? अख्खं बायबल. 66 पुस्तकं, 1189 अध्याय. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण रमाबाईंना ते दुसऱ्याच्या ओंजळीने प्यायचं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. लहानपणी ज्यांनी संस्कृत मुखोद्गत केलं, त्यांनी भाषांतर मात्र मुद्दाम साध्या मराठीत केलं, नुकतीच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा. धर्मग्रंथ जुळवणाऱ्या मुलीला तोच वाचूनही कळला पाहिजे, हा हट्ट मला त्यांच्या सगळ्या पांडित्याहून मोठा वाटतो. देवाशी बोलायला लॅटिनच कशाला, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं शिशाच्या अक्षरांत दिलं.

भाषांतराला वर्षानुवर्षं लागली. 1921मध्ये लेक मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922ला रमाबाई. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते त्यानंतर.

मिशन आजही चालू आहे. चिंचवडहून लोकलने पुण्याला जा, तिथे दौंडची गाडी धरा आणि केडगावला उतरा.