स्मृतिभ्रंश, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि मेंदूच्या दारावरील पहारा

“आई आम्हांला पुन्हा ओळखील ना?” हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांना उत्तर देताना आम्हां वैद्यांची कसोटी लागते. मेध्य रसायनांच्या भरवशावर होकार देण्यापूर्वी अल्झायमर व्याधीची संप्राप्ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. या ज्वलनातून फ्री रॅडिकल्स निर्माण होतात. मेंदूत असंतृप्त मेदाम्ले विपुल आहेत, लोह व तांबेही आहे. त्यामानाने संरक्षक द्रव्ये तोकडी. उघडे तेल खवट व्हावे तसा पेशींच्या आवरणातील मेद बिघडतो. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

दुसरा विषय मेंदू व रक्त यांमधील अडथळ्याचा. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. इतर अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. १९१३ मध्ये एडविन गोल्डमन यांनी रंग मस्तिष्कजलात सोडला, तेव्हा मेंदू रंगला, उर्वरित शरीर नाही. येथील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. मात्र हा पहारा केवळ आत येणाऱ्यांवर नाही. अमायलॉइड मेंदूबाहेर नेणारे एलआरपी-१ हे प्रथिन या व्याधीत क्षीण होते, तर ते आत आणणारे ‘रेज’ वाढते. अमायलॉइड साचले की ऑक्सिडीकरण वाढते, ऑक्सिडीकरणाने सांधे सैलावतात आणि चक्र चालू राहते.

सांधे सैल झाले म्हणजे आमचे औषध सहज आत जाईल, हा तर्क आम्हांस मान्य नाही. परीक्षानळीत गुणकारी ठरलेले हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. व्हिटॅमिन ई ने १९९७ च्या चाचणीत मध्यम अवस्थेतील ऱ्हास काहीसा लांबवला. २००५ च्या चाचणीत मात्र सौम्य विस्मरणाचे अल्झायमरमध्ये होणारे रूपांतर त्याने रोखले नाही. ब्राह्मीने निरोगी वृद्धांची स्मृती काहीशी सुधारल्याचे प्रयोग आहेत, पण तेवढ्यावरून अल्झायमर बरा होतो असे म्हणता येत नाही. (बाजारात ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही दिली जाते, हे वेगळेच दुखणे!)

म्हणून रसायन द्यावे, पण चालू असलेले डोनेपेझिल आपण होऊन बंद करवू नये. मधुमेह व रक्तदाब काटेकोर सांभाळावा, कारण दोन्ही याच केशवाहिन्या पोखरतात. आणि सर्वांआधी बी-१२ व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. त्यांच्या न्यूनतेने आलेले विस्मरण वेळीच उपचार केल्यास पुष्कळदा सुधारते. अशा रुग्णाला अल्झायमरचा समजून आपण वर्षभर नुसते घृत देत राहिलो, तर ती वेळ हातची जाते.