एका साच्यातून शंभर संगणक

गणेशचतुर्थीच्या आधी कधी पेणला गेला आहात का? तेथील कारखान्यांत एकाच साच्यातून एकसारख्या कितीतरी मूर्ती निघतात. खरी मेहनत साचा करताना. पुढचे काम भराभर होते. हीच युक्ती संगणकांच्या जगातही वापरतात. कशी, ते पाहू.

२००७ सालची गोष्ट. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राला १८५१ ते १९२२ या काळातील आपले १ कोटी १० लाख लेख वाचकांना खुले करायचे होते. लेखांची चित्रे तुकड्यातुकड्यांत साठवलेली होती. ती जुळवून प्रत्येक लेखाची पीडीएफ बनवायची होती. चार-दोन संगणकांवर हे काम फार रेंगाळले असते. बरे, एवढ्यासाठी शंभर संगणक विकत घ्यावेत, तर नंतर त्यांचे काय करायचे?

तेव्हा त्यांनी ॲमेझॉनकडून शंभर संगणक भाड्याने घेतले. ही सोय २००६ मध्ये सुरू झाली होती. हे संगणक म्हणजे शंभर वेगळी खोकी नव्हेत बरे का! आज्ञावलीच्या मदतीने एका मोठ्या यंत्राचे अनेक भाग पाडतात. जणू एकाच वाड्यातील निरनिराळी बिऱ्हाडे. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्याला आभासी सर्व्हर म्हणतात. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणत असले, तरी यंत्रे जमिनीवरच असतात. २०१६ पासून ॲमेझॉनची अशी यंत्रे मुंबईतही आहेत.

पण कोरा संगणक काय कामाचा? शंभर संगणकांवर एकेक आज्ञावली बसवत बसलो तर दिवस त्यातच जाईल. येथे साचा उपयोगी पडतो. त्याचे नाव मशीन इमेज, म्हणजे यंत्रप्रतिमा. एक संगणक नीट सज्ज करायचा आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत जपून ठेवायची. या प्रतीत संगणक चालवणारी मूळ प्रणाली, कामाच्या आज्ञावल्या आणि मांडणी असते. शिवाय ही प्रतिमा कोणी वापरावी आणि सर्व्हरला कोणत्या डिस्क जोडाव्यात, याचीही नोंद असते. आज्ञा देताच तिच्यातून हवे तितके सर्व्हर उभे राहतात.

न्यूयॉर्कमधील काम २४ तासांच्या आत झाले! प्रत्येक यंत्राच्या वाट्याला सरासरी १ लाख १० हजार लेख आले. तासाला १० सेंट हा त्या वेळचा साधा दर धरला, तर १०० यंत्रांचे २४ तासांचे भाडे होते अवघे २४० डॉलर. गंमत म्हणजे, शेवटी पीडीएफमध्ये एक चूक आढळली, आणि सारे काम पुन्हा करून घेतले.

मात्र साच्याला टवका उडालेला असेल, तर तो प्रत्येक मूर्तीवर उमटतो. प्रतिमेत चुकून परवलीचा शब्द राहिला, तर तो प्रत्येक सर्व्हरमध्ये जातो. प्रतिमा सर्वांना खुली असेल, तर परक्याच्या हातीही लागतो. प्रतिमा जुनी झाली, तर आज्ञावल्यांतील जुन्या त्रुटीही नव्या सर्व्हरमध्ये येतात. म्हणून ती वेळोवेळी नव्याने करावी लागते.

आता सांगा पाहू: साचा दुरुस्त केला, तर आधी निघालेल्या मूर्ती आपोआप सुधारतील का? नाही ना! सर्व्हरचेही तसेच. त्यांना एकेक करून दुरुस्त करावे लागते, किंवा ते बंद करून नव्या प्रतिमेतून पुन्हा उभे करावे लागतात.