जुना संगणक मंद का चालतो?

शाळेतला दहा-बारा वर्षांचा संगणक सुरू केला, की तो कामाला लागेपर्यंत दोन-तीन मिनिटे सहज जातात. मग तो भंगारात काढायचे ठरते. पण बहुतेक वेळा त्याचा प्रोसेसर अजून सक्षम असतो. तो नुसता हार्ड डिस्कची वाट पाहत बसलेला असतो!

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरतात, बहुधा मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते, त्याचे आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले सुमारे १३ मिलिसेकंद. सुरू होताना संगणक डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचतो. अशा ८००० उड्यांना किती वेळ लागेल? हा हिशेब मुलांना जरूर करायला द्यावा. उत्तर शंभर सेकंदांच्या पुढे जाते. (प्रत्यक्षात संगणक युक्तीने यातल्या काही उड्या वाचवतो.)

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे माहिती सिलिकॉनच्या चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. कुठलाही कप्पा वाचायला सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो.

ही एसएसडी संगणक न उघडता, यूएसबीने बाहेरूनही जोडता येते. ॲपलच्या २०१२ च्या अखेरीपासूनच्या आयमॅकमध्ये पडदाच चिकटवलेला असतो. तिथे हा मार्ग विशेष सोयीचा. मात्र यूएसबी कोणती, ते पाहावे. यूएसबी २ मधून सेकंदाला प्रत्यक्षात ३०-४० मेगाबाइट जातात, तर यूएसबी ३ मधून सुमारे ४०० मेगाबाइट.

एसएसडी जोडून तिच्यावर नुसते फोटो ठेवले, तर वेग वाढत नाही. कार्यप्रणालीच तिच्यावर बसवून संगणक तिच्यावरून सुरू करावा लागतो. मॅकओएस आणि लिनक्स अशा बसवता येतात. विंडोज मात्र बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर सहसा बसवू देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

अर्थात, रॅम फार कमी असेल किंवा प्रोसेसरच दुबळा असेल, तर एसएसडी चमत्कार करणार नाही. म्हणून आम्ही असे सुचवतो: आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. मग एकाच संगणकावर, एकच एसएसडी घेऊन प्रयोग करावा. बदलाच्या आधी आणि नंतर, बटण दाबल्यापासून एखादी फाइल उघडेपर्यंतचा वेळ मुलांनी तीन-तीनदा मोजावा, सरासरी काढावी. कार्यप्रणालीही बदलली असेल, तर वेगाचे सगळे श्रेय एसएसडीला देता येईल का, याचीही चर्चा व्हावी. संगणक भंगारात काढायचा की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरवावे.