भोंग्यात हरवलेला बेस

निफाड तालुक्यातल्या लग्नांत रेकॉर्डी पुष्कळ वाजल्या, पण त्या कुणी धड ऐकल्याच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. बांबूला बांधलेला भोंगा, खाली आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर. गाणं चार शिवारं ओलांडून जायचं, पण खालचा बेस त्या आखूड भोंग्यात उतरायचाच नाही. आमच्याकडच्या एका जुन्या लाउडस्पीकरवाल्याच्या पत्र्याच्या पेटीत, हिंदी सिनेमांच्या एलपींखाली, बोनी एम या डिस्को गटाची ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’ सापडली. १९७८ची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसली, बऱ्या सुईखाली लावली. सुरुवातीचे ड्रम थेट छातीत आले आणि न थांबता ‘रास्पुतिन’मध्ये घुसले. वरातीत हे कुठे होतं?

इतिहास थोडक्यात: एलपी अमेरिकेत कोलंबियाने १९४८ साली आणली, आपल्याकडे ती मुख्यतः एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यातून पोचली आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटने तिला माळ्यावर धाडलं. पुरे.

मला वेड आहे ते खाचेचं. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. त्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलं, की झांजांची धार बोथट होते. म्हणून जाणते निर्माते रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटी संथ गाणं ठेवत. बेसला तर खाच रुंद लागते. त्यामुळे कोरतानाच तो कमी करतात आणि अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा वाढवतो. बाजू वीसेक मिनिटांची असली तर खाचेला ऐसपैस जागा मिळते. सत्तरच्या दशकातले रॉक आणि सोल अल्बम इतके भरदार वाजतात, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

आणि आता आशा पुथली. आपल्या घरांत आशा म्हटलं की भोसलेच, पण मुंबईत १९४५ साली जन्मलेल्या या गायिकेला आपण ओळखलंच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. न्यूयॉर्कला जाऊन त्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या जॅझ अल्बममध्ये दोन गाणी गायल्या. मग १९७३ साली त्यांच्याच नावाचा सोलकडे झुकलेला अल्बम आला आणि १९७६ साली ‘द डेव्हिल इज लूज’. त्यातलं ‘स्पेस टॉक’ ऐकताना माझं लक्ष आधी बेसकडेच जातं. तो रेंगाळत, तोऱ्यात चालतो आणि आवाज त्याच्यावर वाफेसारखा तरंगतो. न्यूयॉर्कच्या डेव्हिड मॅन्कुसोच्या ‘लॉफ्ट’ या नाचाच्या पार्ट्यांत हे गाणं लाडकं होतं. मॅन्कुसो आवाजाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर माणूस. त्याचे क्लिप्शहॉर्न स्पीकर म्हणजे भोंगेच, पण बेसचा भोंगा लाकडी पेटीत घड्या घालून बसवलेला आणि खोलीच्या कोपऱ्याच्या भिंतींनी पुढे लांबवलेला! म्हणजे दोष भोंग्याचा नव्हताच, त्याच्या लांबीचा होता. पुढे १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी.च्या रॅपमध्येही ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला.

मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या रॉक बँडचंही तसंच. ‘ऑब्सेशन ७७’ हा त्यांचा अल्बम इथे विसरला गेला आणि २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीने त्यांचं संगीत पुन्हा काढलं. आपलं संगीत आपल्याकडे परदेशातून परत यावं, हे मला पटत नाही. मुंबईतल्या काळा घोडा भागातलं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं. आता नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलो, की चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर ढीग उपसायचा. तिथे तबकडी उन्हात तिरपी धरून बघा. खाच करडी दिसली तर जाड सुईने ती खाल्लेली आहे, चमकली तर घ्या. एकावर एक रचलेल्या मात्र आधी सपाट आहेत का ते पाहा, आपल्या उन्हाळ्यात त्या हमखास वाकतात.

लासलगाव, पिंपळगाव, ओझरकडच्या जुन्या मांडववाल्यांच्या पेट्या अजून उघडायच्या राहिल्यात. कुणाकडे असेल तर भंगारात घालण्याआधी कळवा, मी प्लेअर घेऊन येतो.