नक्कल नव्हे, प्रत!

गाणगापूर म्हटले की गुरुचरित्राची पोथी आठवतेच. सरस्वती गंगाधरांचा हा ग्रंथ छापखाना येण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या हातानेच उतरवला गेला. पोथीपोथीत पाठभेद आढळतात. कुठे ५२ अध्याय, तर कुठे ५३. म्हणूनच उतरवून झाल्यावर मूळ पोथीशी ताडून पाहण्याला मोठे महत्त्व असे. आज हेच काम टीव्ही रिपेरीच्या टेबलावरही चालते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

टीव्हीचा लाल दिवा लागतो, पण चित्र येत नाही. किंवा कंपनीचे चिन्ह दिसून पुन्हा पुन्हा तेवढेच येत राहते. अशा वेळी पुष्कळदा यंत्र शाबूत असते, पण त्याची 'पोथी' बिघडलेली असते. सुरू झाल्यावर काय काय करायचे याच्या सूचना, म्हणजे फर्मवेअर, बोर्डावरील एका छोट्या फ्लॅश मेमरी चिपमध्ये साठवलेल्या असतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. पण अपडेट चालू असताना वीज गेली, तर मजकूर अर्धवट राहतो. शिवाय पुसून लिहिण्यालाही मर्यादा असते. अशा बऱ्याच चिप साधारण एक लाख वेळांपर्यंतच पुसता येतात.

कारागीर आठ पायांच्या त्या आयसीला क्लिप लावतो किंवा ती काढून प्रोग्रामरमध्ये बसवतो. चांगला कारागीर आधी जुना मजकूर वाचून संगणकात जपून ठेवतो, तोही दोनदा वाचून. दोन्ही प्रती जुळल्या तरच वाचन खरे. मग चिप पुसायची, नवा मजकूर लिहायचा आणि शेवटी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. काही चिप ३.३ व्होल्टवर चालतात, काही १.८ वर; हा फरक न पाहता जोडले तर चिप जळू शकते.

मजकूर मिळवताना टीव्हीचा मॉडेल क्रमांक पुरेसा नसतो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनेल असतात. बोर्ड आणि पॅनेल दोन्हींचे क्रमांक जुळले नाहीत, तर चित्र उलटे दिसते किंवा रंग बिघडतात. लॅपटॉपमध्ये तर त्याच चिपवर त्या यंत्राचा अनुक्रमांक आणि बहुधा विंडोजची चावीही असते. दुसऱ्या लॅपटॉपचा मजकूर जसाच्या तसा घातला, तर आपल्या लॅपटॉपची ओळखच पुसली जाते. म्हणून जुनी प्रत न घेता चिप पुसणे हा खरा धोका.

मराठीत नक्कल आणि कानडीत नकलु. दोन्हीकडे या शब्दाला खोटेपणाचाही वास आहे. प्रत किंवा प्रति या शब्दाला तो नाही. कायदाही असाच भेद करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, आपल्याकडे कायदेशीर असलेला संगणक प्रोग्रॅम नष्ट होऊ नये म्हणून त्याची राखीव प्रत करता येते. मात्र मोबाइलचा आयएमईआय क्रमांक बदलण्यास कायद्याने बंदी आहे. आपले बंद यंत्र चालू करणे वेगळे आणि चोरीच्या मोबाइलला नवी ओळख देणे वेगळे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. पण घरच्या टीव्हीचे भवितव्य बहुधा बाजारपेठेतल्या दुकानातच ठरते. "बोर्ड गेला, नवा घ्या" असे कुणी म्हटले, तर अफझलपूरला असो की कलबुर्गीला, दोन प्रश्न जरूर विचारावेत. मराठीत विचारा वा कानडीत. चिपमधला मजकूर वाचून पाहिलात का? आणि पुसण्याआधी जुनी प्रत ठेवलीत का? या दोन प्रश्नांनी एखादा बोर्ड भंगारात जाण्यापासून वाचू शकेल आणि नव्या बोर्डाचा खर्चही.