सत्तर हजारांचा गेमिंग पीसी आणि तुमची पीएचडी



पीएचडीची नोंदणी झाली, फेलोशिपचा पहिला हप्ता आला की एक प्रश्न हमखास येतो : "लॅबमधलं मशीन जुनं आहे, स्वतःचं घेऊ का?" मागच्या महिन्यात आमच्या एका ज्युनिअरने मला सुट्या भागांची यादी पाठवली. बजेट साधारण सत्तर हजार. भारी प्रोसेसर, रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट; पण ग्राफिक्स कार्ड किरकोळ, आणि पॉवर सप्लाय 'कॅबिनेटसोबत फ्री'. ती यादी बघून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. म्हणून हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाला गेमिंग पीसी कशाला? कारण काम सारखंच आहे. गेममध्ये पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला कितीतरी वेळा काढावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचं गणित छोटं, पण सगळ्यांचं एकदम करायचं. त्यासाठी ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे कोअर असतात. हजारो अणूंवरची बलं काढणं किंवा न्यूरल नेटवर्कचे मॅट्रिक्स गुणणं हेही तसंच काम. २०१२ साली गाजलेलं ॲलेक्सनेट हे नेटवर्क जीटीएक्स ५८० या दोन गेमिंग कार्डांवर शिकवलं गेलं होतं. दोनच का? तर एका कार्डाची मेमरी फक्त ३ जीबी होती आणि नेटवर्क त्यात मावत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी गणित, मग कार्ड

तुम्ही ग्रोमॅक्समध्ये रेणूंच्या हालचाली बघणार असाल, तर गेमिंग कार्ड फार उपयोगी. तिथली बहुतेक आकडेमोड सिंगल प्रिसिजनमध्ये चालते. पण क्वांटम एस्प्रेसोसारख्या सॉफ्टवेअरवर डीएफटी करणार असाल, तर डबल प्रिसिजन लागते. आणि आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० सारख्या कार्डांचा डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या चौसष्टाव्या भागाइतकाच असतो. म्हणजे डीएफटीवाल्याने महागडं गेमिंग कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याने ते पैसे जास्त कोअर आणि जास्त रॅमवर घालावेत.

मशीन लर्निंग करणाऱ्यांनी कार्डाची मेमरी बघावी. ४०६० नवीन आहे, गेममध्ये जास्त वेगवान आहे, वीजही कमी खातं (११५ वॉट, ३०६० ला १७० लागतात). पण त्यात ८ जीबी मेमरी, आणि जुन्या ३०६० मध्ये १२. तुमच्या मॉडेलला १० जीबी लागत असेल, तर ८ जीबीचं कार्ड कितीही वेगवान असो, ते मॉडेल आहे तसं त्यात मावणारच नाही. सावध राहा, ३०६० चा ८ जीबीचा प्रकारही बाजारात आला होता. खोक्यावरचा आकडा नीट वाचा.

प्रोसेसर आणि रॅम

कार्डावर काम करणाऱ्याला रायझन ५ ५६०० पुरतो : ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट. त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे 'कार्ड नंतर घेऊ' चालणार नाही. पडद्यावर काहीच दिसणार नाही. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, दोन्ही वाटांनी डेटा जातो.

सोलापूरचा मे महिना

यादीत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो पॉवर सप्लाय. हिशोब सोपा आहे. पूर्ण भारावर प्रोसेसर साधारण ७५, कार्ड १७०, बाकी सगळं मिळून ५०-६०. झाले तीनशे वॉट. क्षणिक उसळी धरून चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॉटचा घ्या. आपल्याकडचा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. तो काम चालू ठेवायला नाही, नीट बंद करायला आहे.

मी पहिल्या वर्षी इथेच दीड-दोन हजार वाचवले. मे महिन्यात, तीन दिवस चाललेल्या रनच्या शेवटच्या दुपारी लाईट गेली आणि आली. स्वस्तातला पॉवर सप्लाय गेला, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. पण खरी चूक माझी होती. माझी स्क्रिप्ट निकाल अगदी शेवटी फाईलमध्ये लिहायची. तीन दिवस शून्य. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं ते उगाच नाही. तुमच्या स्वतःच्या कोडमध्येही ती सवय लावा.

उन्हाचंही गणित करा. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर आणि प्रोसेसर ६५ वर असेल, तर मे महिन्यात ४० च्या खोलीत तोच साधारण ८० वर जाईल. म्हणून काचेपेक्षा पुढे जाळी असलेली कॅबिनेट घ्या, आणि महिन्यातून एकदा धूळ काढा.

घेण्याआधी मोजा

मित्राच्या पीसीवर तुमच्याच कामाचा छोटा नमुना चालवून बघा. कार्ड शंभर टक्के आणि प्रोसेसर रिकामा, तर पैसे कार्डावर घाला. उलट असेल तर उलट. रॅम भरून डिस्क धडधडत असेल, तर आधी रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळ लिहून ठेवा. संशोधनाची पद्धत याहून वेगळी नसते.

त्या ज्युनिअरला मी एवढंच विचारलं, "तू नेमकं काय मोजणार आहेस?" ती थोडा वेळ गप्प बसली. विषय अजून पक्का नव्हता. मी सांगितलं, मग यादी बाजूला ठेव. सिनॉप्सिस होईपर्यंत गूगल कोलॅबवर मोफत मिळतं तेवढ्यात शिक. पुढे काम खूपच मोठं निघालं, तर आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर वेळ मिळतो का, हे गाइडना विचार. आणि मधलं निघालं, तर सत्तर हजार तुझ्याकडे आहेतच.

तुम्हीही यादी करण्याआधी तो प्रश्न एका कागदावर लिहा. उत्तर एका ओळीत येत नसेल, तर खरेदी थोडी लांबवा.