हरलेल्या डावाचे लेखापरीक्षण

बुद्धिबळाच्या स्पर्धेतून हरून परतणाऱ्या खेळाडूच्या हाती एक ऐवज मात्र उरतो, तो म्हणजे स्वहस्ते नोंदविलेल्या खेळ्यांचा कागद. डाव नेमका कोठे निसटला हे जाणण्यासाठी पूर्वी प्रशिक्षकाची वाट पाहावी लागे. आता ते काम घरचा संगणक करतो. १९९७ साली न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी नमविणारा आयबीएमचा ‘डीप ब्लू’ हा महासंगणक होता. त्याहून कितीतरी बलवान ‘इंजिन’ आज साध्या लॅपटॉपवर, तेही विनामूल्य चालते.

निवडीचा प्रश्न त्यामुळे फारसा बिकट राहिलेला नाही. २००८ साली सुरू झालेले ‘स्टॉकफिश’ बहुतेकांना पुरेसे आहे. ‘लीला चेस झिरो’ हेही तोलामोलाचे. तथापि त्याला सामर्थ्यवान ग्राफिक्स कार्ड हवे.

नवशिक्याची पहिली फसगत निराळीच असते. इंजिन उतरवून उघडले, की पटाऐवजी नुसती काळी चौकट दिसते. इंजिन केवळ गणना करते. पट दाखविण्यासाठी ‘अरेना’सारखा स्वतंत्र प्रोग्राम लागतो. दोहोंचा संवाद ‘यूसीआय’ या सामाईक भाषेत चालतो, म्हणून एकाच पटाला अनेक इंजिने जोडता येतात.

जोडणीनंतर तीन बाबी पाहाव्यात. ‘थ्रेड्स’ म्हणजे प्रोसेसरचे किती धागे कामाला जुंपावयाचे. एखादा इतर कामांसाठी मोकळा ठेवावा. ‘हॅश’ ही तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्याची जागा. स्टॉकफिशमधील मूळचे १६ मेगाबाइट दीर्घ विश्लेषणास तोकडे पडतात. आठ गिगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपवर एक गिगाबाइट देण्यास हरकत नाही. तिसरी आणि सर्वांत मोलाची बाब ‘मल्टिपीव्ही’. ती तीनवर ठेवल्यास तीन पर्याय गुणांकनासह दिसतात. गणना थोडी मंदावते, पण शिकणाऱ्यास तेच हितावह. पहिल्या दोन खेळ्यांत ०.१० इतकाच फरक असेल, तर दुसरी खेळणाऱ्याने हळहळू नये, तो ३.०० असेल, तर तेथे वाट एकच होती. +१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी हा जुना संकेत. २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशमध्ये त्याचा अर्थ, इंजिनाने स्वतःशीच खेळल्यास विजयाची शक्यता ५० टक्के, असा आहे.

खरा धोका मांडणीत नाही, सवयीत आहे. डाव भरताक्षणी इंजिन सुरू करणारा खेळाडू आकडे वाचतो आणि विचार करणे सोडतो; पुढच्या स्पर्धेत, इंजिन सोबत नसताना, तीच चूक पुन्हा घडते. लेखापरीक्षक येण्यापूर्वी शाखा आपली खाती स्वतः जुळवून पाहते, तद्वत इंजिन बंद ठेवून आपल्या शंकेच्या जागा प्रथम कागदावर लिहाव्यात. मग तुलना करावी. इंजिन ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते नाही. तेव्हा आपल्याला सुचलेली, पण इंजिनाने नाकारलेली खेळी पटावर खेळावी आणि त्याचे उत्तर पाहावे. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच, कोपऱ्यात विसरलेला एखादा उंट कारण उघड करतो.